रॉकेट उभं उतरतं, मग चंद्रावरचं यान आडवं का पडतं?

नववी_ब

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. ‘गतीचे नियम’ चालू असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, तो जसाच्या तसा देते:

"मॅडम, टेक्सासमध्ये स्पेसएक्सच्या स्टारशिप रॉकेटचा तो ७१ मीटरचा खालचा टप्पा, म्हणजे बूस्टर, वरून येतो आणि टॉवरच्या दोन लोखंडी हातांत बरोब्बर अडकतो. मग चंद्रावर एवढंसं यान उतरवताना पडतं कसं? तिथे तर वजन सहावा हिस्सा. उलट सोपं पाहिजे ना?"

मी सांगितलं की चंद्रावर हवा नाही, पॅराशूट चालत नाही, इंजिन पेटवूनच वेग मारावा लागतो. तर म्हणतो, "मग मारायचा. अडलंय कुठे?"

वर्ग हसला. मी "सोमवारी सांगते" म्हणून वेळ मारून नेली. आता सोमवारच्या आत कुणीतरी मला सांगा, अडलंय कुठे? तास ३५ मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत जातात. ‘अंतराळ अवघडच असतं’ छापाचं उत्तर नको. मुलं ते चालवून घेत नाहीत आणि मलाही ते पळवाट वाटतं.

पेठेतला_एक

यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. शोधायचे कष्ट घ्यावेत.

नववी_ब

प्रश्न तिथूनच आलाय.

शून्य_तपासा

मॅडम, मुलाला माझ्यातर्फे एक चॉकलेट द्या. ‘अडलंय कुठे’ हाच प्रश्न यानालाही पडतो, फक्त त्याचा ‘कुठे’ वेगळा असतो.

माझी नोकरी भोसरी एमआयडीसीत प्रेशर गेज, ट्रान्समीटर, लोड सेल कॅलिब्रेट करण्यात गेली. रॉकेटशी संबंध फक्त वाचनापुरता, त्यामुळे माझं मत धंद्याच्या बाजूला झुकलेलं आहे हे धरून चाला. मत असं: आपटलेल्या बऱ्याच यानांची इंजिनं व्यवस्थित चालत होती. आपण जमिनीपासून किती उंच आहोत, किती वेगाने चाललोय, तोंड कुठे आहे, यातलं काहीतरी त्यांना चुकीचं ठाऊक होतं.

जपानच्या एका खासगी कंपनीचं हाकुतो-आर घ्या. एप्रिल २०२३. यान ॲटलस विवराजवळ उतरायला निघालं. वाटेत विवराचा कडा आला आणि खालची जमीन एकदम सुमारे ३ किलोमीटर खोल गेली. रडारने ते प्रामाणिकपणे सांगितलं. सॉफ्टवेअरला वाटलं, एवढी उडी कशी असेल, रडारच बिघडलं असणार. त्याने रडारचं ऐकणं सोडलं आणि स्वतःच्या अंदाजावर उतरत राहिलं. अंदाजाप्रमाणे उंची शून्य झाली, वेगही अगदी हळू होता, सगळं पाठ्यपुस्तकासारखं. फक्त जमीन अजून ५ किलोमीटर खाली होती. तिथेच तरंगत राहून इंधन संपलं आणि मग पडलं. इंजिनाचा काय दोष?

मुलांना इथेच गणित घाला. चंद्राचं गुरुत्वत्वरण १.६२, उंची ५००० मीटर, सुरुवातीचा वेग शून्य धरा. v² = u² + 2as. उत्तर सेकंदाला सुमारे १२७ मीटर येतं, म्हणजे तासाला साडेचारशे किलोमीटरच्या वर. हवा नसल्यामुळे हे सूत्र तिथे पुस्तकात लागू पडतं तसंच लागू पडतं. पृथ्वीवर आपण दर वेळी ‘हवेचा रोध दुर्लक्षित करा’ असं लिहून सुटतो.

दुसरं शियापारेली, युरोपचं यान, मंगळावर, १९ ऑक्टोबर २०१६. पॅराशूट उघडल्यावर यान जोरात हेलकावलं. गिरकी मोजणारा सेन्सर त्याच्या कमाल मर्यादेला जाऊन सुमारे एक सेकंद तिथेच अडकला. हा प्रकार आमच्याकडे रोजचा: १० बारपर्यंत दाब मोजणारा ट्रान्समीटर लावलाय, लाइनमध्ये १४ बार झाले, तरी तो १० च्या आसपासच दाखवणार, आणि ऑपरेटर निवांत चहा पिणार. तर यानाने ती अडकलेली गिरकी खरी मानून बेरीज केली आणि आपण जवळजवळ उलटे झालोय असा निष्कर्ष काढला. मग रडारचं अंतर त्या उलट्या हिशेबात घातलं, तर उंची शून्याच्याही खाली आली. म्हणजे आपण जमिनीच्या आत आहोत! पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं ३ सेकंद चालवून बंद केली (चालायची होती सुमारे ३०), आणि ‘उतरल्यावर’ करायची कामं सुरू केली. प्रत्यक्षात यान ३.७ किलोमीटर उंचीवर होतं. उणे उंची आली तर काहीतरी गडबड आहे एवढं कळायला इंजिनिअर लागत नाही, पण तेवढी अट कुणीतरी आधी लिहून ठेवावी लागते.

तिसरं मार्स पोलर लँडर, डिसेंबर १९९९. चौकशी समितीने सांगितलेलं सर्वांत संभाव्य कारण असं: पाय बाहेर काढताना बसलेला धक्का सेन्सरने ‘जमिनीला टेकलो’ म्हणून नोंदवला, ती नोंद पुसली गेली नाही, आणि ४० मीटर उंचीवर संगणकाने ती वाचून इंजिनं बंद केली. हे दुसरं गणित फळ्यावर: u = १३, s = ४०, मंगळाचं गुरुत्वत्वरण ३.७. टेकतानाचा वेग सुमारे २२ येईल.

आता तुम्ही म्हणाल, खालून माणूस का नाही सावरत? चंद्रापर्यंत सिग्नल जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा. मंगळाला एका बाजूला ३ ते २२ मिनिटं लागतात. नासाची पर्सिव्हरन्स गाडी मंगळाच्या वातावरणात शिरून जमिनीवर पोचेपर्यंत ७ मिनिटं लागली आणि सिग्नल यायला ११. त्यामुळे ‘शिरलं’ ही बातमी आली तेव्हा तिकडे सगळं उरकलेलं होतं. जे ठरवायचं ते यानानेच, आपल्याच डोळ्यांनी.

टेक्सासच्या बूस्टरचं तसं नाही. त्याला उपग्रह जागा सांगतात, टॉवर कुठे आहे ते सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवलेलं, आणि खाली जमीन अचानक ३ किलोमीटर खोल जात नाही.

ग्रिड_फिन

काका, सुरेख लिहिलंय, पण पूर्ण पटलं नाही. मी चाकणला हायड्रॉलिक्समध्ये आहे, म्हणजे माझाही धंदा आलाच.

तुमचा मुद्दा खरा असता तर उपग्रहांकडून जागा कळणारे बूस्टर कधीच पडले नसते. स्पेसएक्सच्याच फाल्कन ९ रॉकेटचा इतिहास बघा. जानेवारी २०१५: खाली येताना दिशा देणारे जाळीदार पंख हायड्रॉलिक तेलावर चालत होते, तेल संपलं, बूस्टर तिरका उतरायच्या जहाजावर आदळला. एप्रिल २०१५: इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी व्हॉल्व्ह अडकत अडकत उशिरा हलली, बूस्टर टेकला पण कलंडला. जानेवारी २०१६: उतरला मस्त, पण चारपैकी एका पायाची कडी बसली नाही, पाय दुमडला, स्फोट. उड्डाणावेळी दाट धुकं होतं, त्याच्या ओलाव्याचा बर्फ त्या कडीत साचला असावा असं तेव्हा सांगितलं गेलं. धुकं! ही सगळी अस्सल मेकॅनिकल दुखणी आहेत, सेन्सर बिचारे खरंच सांगत होते.

आणि मॅडम, मुलाला ही गोष्ट नक्की सांगा. फाल्कनचा बूस्टर उतरताना जवळजवळ रिकामा असतो, आणि नऊपैकी एकच इंजिन अगदी मंद केलं तरी त्याचा जोर बूस्टरच्या वजनापेक्षा जास्त असतो. म्हणजे त्याला हवेत थांबताच येत नाही. वेग शून्य झाला आणि इंजिन चालू राहिलं तर ते परत वर जाणार! म्हणून जमिनीला टेकणं आणि वेग शून्य होणं एकाच क्षणी जमवावं लागतं. लवकर पेटवलं तर हवेतच थांबून परत वर, उशिरा पेटवलं तर खड्डा. दुसरी संधी नाही. चंद्रावरची यानं निदान क्षणभर तरंगून खाली बघू शकतात, चांद्रयान-३ च्या आपल्या विक्रमने तेच केलं. या बाबतीत बूस्टरच जास्त अवघड.

शून्य_तपासा

तेल, व्हॉल्व्ह, कडी, सगळं मान्य. पण एक बघा: तुम्ही दिलेले तिन्ही बूस्टर कुठे पडले? जहाजावर. भर समुद्रात, नव्वदेक मीटर लांब आणि पन्नासेक मीटर रुंद डेकवर. आपण कुठे आहोत हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. हातपायांनी दगा दिला, पत्त्याने नाही. आणि तो दगा लवकर दुरुस्त का झाला? कारण तुटलेले तुकडे जहाजावरून घरी आले, कडी हातात घेऊन बघता आली, आणि पुढचा बूस्टर पुन्हा उडणारच होता. डिसेंबर २०१५ मध्ये पहिला जमिनीवर उभा राहिला, एप्रिल २०१६ मध्ये जहाजावरही.

चांद्रयान-२ चा आपला विक्रम ७ सप्टेंबर २०१९ ला आपटला. त्याचे तुकडे चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाच्या फोटोत सापडले, शोधले चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या तरुणाने घरी बसून. पण फोटोत दिसणं वेगळं. इस्रोकडे हातात होते ते शेवटपर्यंत आलेले आकडे. त्यावरून काय निघालं ते इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सोमनाथ यांनी चांद्रयान-३ च्या आधी सांगितलं होतं, आणि ते तुम्हा-आम्हा दोघांच्याही बाजूचं आहे. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, त्यामुळे चुका साठत गेल्या. एका टप्प्यात कॅमेऱ्याला फोटो काढायचे म्हणून यानाने स्थिर राहायचं होतं, त्यामुळे साठलेली चूक तेव्हाच सुधारता आली नाही. नंतर सुधारायला गेलं तर झपाट्याने वळावं लागलं, आणि किती वेगाने वळायचं यावर सॉफ्टवेअरने मर्यादा घातलेली. शिवाय उतरायची जागा फक्त ५०० बाय ५०० मीटर, ती गाठायला यानाची धडपड.

चांद्रयान-३ ला काय बदललं ते बघितलं की मला फार समाधान वाटतं. जागा सुमारे ४ किलोमीटर बाय अडीच केली. इंधन वाढवलं. पाय मजबूत केले, सेकंदाला ३ मीटरने आपटलं तरी चालेल असे. मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं. आणि (इथे माझी कॉलर ताठ) वेग थेट मोजणारं लेझरचं नवं उपकरण बसवलं. उंचीवरून वेगाचा हिशेब करत बसण्यापेक्षा वेगच मोजा! २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर काय झालं ते सांगायला नको, आमच्या सोसायटीत फटाके वाजले.

फळ्यासाठी तिसरं गणित त्यातूनच: पहिल्या टप्प्यात सुमारे ६९० सेकंदांत वेग सेकंदाला १६८० मीटरवरून ३५८ वर आणायचा होता. त्वरण काढा. उणे १.९ च्या आसपास येतं. म्हणजे आपल्या घरगुती वस्तू पडतात त्याच्या पाचव्या हिश्श्याने, पण साडेअकरा मिनिटं न थांबता.

नववी_ब

दोघांचेही आभार. गणितं वहीत उतरवली. पण ‘सहावा हिस्सा वजन’ तसंच राहिलं. मुलगा ते सोडणार नाही, मी ओळखते त्याला.

शून्य_तपासा

ते सोपं आहे. पृथ्वीभोवती फिरणारी अंतराळवीरांची कुपी सेकंदाला साडेसात-पावणेआठ किलोमीटरने धावते, पण तो जवळजवळ सगळा वेग हवा फुकट खाते. कुपी तापते, म्हणून उष्णतारोधक कवच लागतं, पण इंधन जवळपास लागत नाही. चंद्राच्या कक्षेतला वेग १.६८ किलोमीटरच, पण त्यातला प्रत्येक मीटर इंधन जाळून मारायचा. म्हणून यानाच्या वजनात इंधनाचा वाटा मोठा, आणि पाय, सेन्सर, पर्यायी इंजिन यांना ग्रॅम मोजून जागा. मंगळावर दोन्हीकडून अडचण: हवा आपल्या एक टक्का. तापायला पुरते, थांबायला पुरत नाही. पर्सिव्हरन्सचं पॅराशूट साडेएकवीस मीटर व्यासाचं होतं तरी ते यानाला तासाला तीनशेच्या आसपासच आणू शकलं. शेवटी इंजिनं लागलीच, आणि त्या आकाशी क्रेनने गाडी दोऱ्यांनी खाली सोडली.

आणि मुलगा म्हणतो त्या बूस्टरने तर कक्षा गाठलेलीच नसते. तो अर्ध्या वाटेवरून परत येतो. निघून सात मिनिटांत घरी. त्याची तुलना कक्षेतून येणाऱ्याशी करणं हा व्हिडिओ बनवणाऱ्यांचा दोष, मुलाचा नाही.

शिवाय कमी गुरुत्व उतरताना मदत करतं, पण उतरल्यावर नाही. यान आडव्या दिशेने थोडं सरकत टेकलं तर त्याला परत पायावर बसवणारं वजनच असतं. ते सहावा हिस्सा झालं की कलंडणं तेवढंच सोपं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका अमेरिकी खासगी कंपनीचं ओडिसियस चंद्रावर असंच कलंडलं. त्याच्या उंची मोजणाऱ्या लेझरवर जमिनीवरच्या लोकांच्या डोळ्यांना इजा नको म्हणून सेफ्टी स्विच होता, तो उड्डाणाआधी काढायचा राहून गेला. पुन्हा सेन्सर, बघा! यान उंच, पाय आखूड. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीचं दुसरं यानही आडवं झालं. त्याच आठवड्यात बुटकं, पसरट ब्लू गोस्ट मात्र नीट उभं राहिलं. जपानचं स्लिम तर जानेवारी २०२४ मध्ये नाकावर उतरलं, एका इंजिनाचा नोझल वरच निखळला होता. तरी ठरलेल्या जागेपासून ५५ मीटरच्या आसपास! हे ग्रिड_फिन यांच्या पारड्यात टाकतो.

कामशेतवाला

सगळ्यांनी पॅराशूटला ‘हवा असली की झालं’ म्हणून सोडून दिलंय, म्हणून मधे बोलतो. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवतो. पावसाळ्यात उड्डाणं बंद असतात तेव्हा आमचा उद्योग म्हणजे राखीव पॅराशूट उघडायची, वाळवायची आणि परत घडी घालायची. घडी कंटाळवाणी असते, आणि सगळा जीव त्या घडीत असतो.

सोयुझ-१, २४ एप्रिल १९६७. मुख्य छत्री कप्प्यातून बाहेरच आली नाही, राखीव उघडली ती गुंतली, आणि व्लादिमीर कोमारोव गेले. आमच्या वर्गात मी नाव घेऊन सांगतो. २०१९ मध्ये युरोपच्या मंगळगाडीच्या छत्र्या पिशवीतून बाहेर येतानाच फाटल्या, त्याही पृथ्वीवरच्या चाचणीत. भानगड उघडण्याच्या त्या एक-दोन सेकंदांत असते: सगळं कापड एकदम भरलं तर दोर तुटतात, नाहीतर माणूस.

म्हणून गगनयानात दहा छत्र्या आहेत आणि रांगेने काम करतात. दोन वरचं झाकण उडवतात, दोन कुपीला स्थिर करून वेग कमी करतात, तीन छोट्या मोठ्यांना ओढून काढतात, आणि शेवटी २५ मीटर व्यासाच्या तीन मुख्य. त्याही एकदम उघडत नाहीत. घेराला दोर आवळलेला असतो, आधी अर्धवट फुगतात, मग छोटा स्फोटक कटर तो दोर कापतो. तीनपैकी दोन उघडल्या तरी भागतं. एक उघडलीच नाही तर काय, याची चाचणी नोव्हेंबर २०२२ मध्ये झाशीजवळ बबिनाला झाली: पाच टनांचं वजन मालवाहू विमानातून अडीच किलोमीटरवरून सोडलं. छत्र्या आग्र्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेच्या. विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगा, हेही उतरवण्याचंच काम आहे. फक्त त्यात ज्वाळा नाहीत म्हणून कुणी व्हिडिओ बघत नाही.

नववी_ब

तास झाला. तिन्ही गणितं घेतली, हजेरी नंतर घेतली. उणे उंचीवर वर्ग सर्वांत जास्त हसला. ‘आपण जमिनीच्या आत आहोत’ हे वाक्य आता मधल्या सुट्टीत ऐकू येतं. फाल्कनला थांबता येत नाही हे कुणालाच खरं वाटेना. वजन आणि जोराचे बाण काढून दाखवले तेव्हा पटलं.

मागच्या बाकाचं समाधान झालेलं नाही. नवा प्रश्न: "यानाला कळत नाही म्हणता, तर आधी गेलेल्याने तिथे खूण का नाही ठेवली?"

शून्य_तपासा

ठेवली आहे! चांद्रयान-३ च्या विक्रमवर नासाचा एक छोटा परावर्तक बसवलेला आहे, जेमतेम ५ सेंटिमीटरचा घुमट, त्यात आठ लोलक. ज्या दिशेने लेझर येतो त्याच दिशेला परत पाठवतो. वीज लागत नाही, म्हणून विक्रम बंद पडला तरी तो चालूच. १२ डिसेंबर २०२३ ला चंद्राभोवतीच्या अमेरिकी यानाने १०० किलोमीटरवरून त्यावर लेझर टाकला आणि उत्तर मिळालं.

पण एका खुणेवर भागत नाही. उतरणाऱ्या यानाला निदान तीन-चार हव्यात, त्याच्याकडे तसा लेझर हवा, आणि खुणा दिसतील अशा बाजूने यायला हवं. एक खूण दिसली तर अंतर कळेल, जागा नाही. का नाही, ते मुलाला कंपासपेटी घेऊन काढायला सांगा. वर्तुळं काढायची आहेत, एवढीच मदत करा.